महात्माजींची अन्नपरीक्षा

वर्धा नदी ही आपल्या यवतमाळ जिल्ह्याची एक सीमा होय. ती ओलांडली कीं वर्धा जिल्हा लागतो, आणि वर्धा शहरापासून अवघ्या दोन-अडीच कोसांवर सेवाग्राम आहे. तेथें सहलीस जाऊन आलेले विद्यार्थी बापू-कुटी, चरखा व प्रार्थनाभूमि यांचें वर्णन करितात. तेथील स्वयंपाकघराविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. वस्तुतः महात्मा गांधींच्या चरित्रांत स्वयंपाकघराचें स्थान मोठें आहे. कोणतें अन्न कोणाच्या पोटास सोसतें, हा प्रश्न त्यांनीं सुमारें साठ वर्षें स्वतःच्या देहावर घासून पाहिला. आज तोच प्रश्न घरोघर विचारला जात आहे. कोणास दूध सोसत नाहीं, कोणास गहूं सोसत नाहीं, आणि रक्ताचे चार थेंब पाठविल्यास शंभर पदार्थांची यादी करून देणाऱ्या परीक्षाहि बाजारांत विकावयास आल्या आहेत. अशा वेळीं महात्माजींचें चरित्र राजकारणाच्या बाजूनें न पाहतां पोटाच्या बाजूनें पाहणें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयुक्त होईल, असें वाटतें.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजीं पोरबंदर येथें एका वैष्णव कुटुंबांत झाला. अन्नाची पहिली परीक्षा त्यांनीं राजकोटास शाळेंत असतांना केली, व ती चोरून केली. मांस खाल्ल्यानें इंग्रजांसारखें बळ येतें, असें एका मित्रानें त्यांच्या मनांत भरविलें होतें. नदीकांठीं एकांतांत बकऱ्याचें मांस खाल्लें. तें चामड्यासारखें चिवट लागलें, आणि रात्रीं झोपेंत पोटांत बकरें जिवंत ओरडत असल्याचा भास होऊन ते दचकून उठूं लागले. येथेंच एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या रात्रीं पोटांत जें झालें त्यांत मांसाचा भाग किती व भयाचा भाग किती, हें सांगणें अवघड आहे. मनाची शंका पोटांत उतरते; आणि अन्नाची परीक्षा करणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेंत हीच पहिली अडचण उभी असते.

१८८८ सालीं कायद्याच्या अभ्यासास लंडनला जातांना मांस, मद्य व परस्त्री यांस स्पर्श न करण्याची शपथ त्यांनीं मातोश्रींपुढें घेतली. तेथें प्रारंभीं त्यांची फार उपासमार झाली. मग फॅरिंग्डन रस्त्यावर एक शाकाहारी भोजनगृह सांपडलें, आणि हेन्री सॉल्ट यांचें शाकाहारावरील पुस्तक हातीं आलें. तेव्हांपासून शपथेचा शाकाहार हा विचाराचा शाकाहार झाला. घरून येणारी मिठाई व मसाले त्यांनीं सोडले. कांहीं दिवस पाव व फळें यांवर काढले, कांहीं दिवस पिष्टमय पदार्थ वर्ज्य केले, आणि एकदां तर केवळ चीज, दूध व अंडीं यांवर राहून पाहिलें. हा शेवटचा प्रयोग पंधरा दिवसहि टिकला नाहीं. आईच्या दृष्टीनें अंडें हें मांसच, हें स्मरून त्यांनीं तें सोडून दिलें. तरुण मनुष्याची ही धडपड थोडी हास्यास्पद वाटेल. पण याच धडपडींत त्यांना असें आढळलें कीं, चवीचें खरें स्थान जिभेवर नसून मनांत आहे.

१८९३ सालीं ते दक्षिण आफ्रिकेस गेले. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत प्रिटोरिया येथें त्यांनीं कच्च्या अन्नाचा प्रयोग केला व त्याची रोजनिशी ठेवली. ती विद्यार्थ्यांनीं मुद्दाम पाहण्यासारखी आहे. भिजविलेले गहूं किती चमचे, वाटाणे किती, तांदूळ किती, मनुका किती, संत्रीं किती हें सारें त्यांत मोजून लिहिलेलें आहे. शिवाय भूक लागली काय, शौचास कसें झालें, थकवा आला काय, दांत दुखले काय, याचीहि नोंद आहे. पंधरवडा भरण्याच्या आंतच शक्ति खालावली व प्रयोग थांबवावा लागला. पुढें तो वृत्तांत इंग्लंडांतील शाकाहारी मंडळींच्या पत्रांत त्यांनीं प्रसिद्ध करविला, आणि प्रयोग फसला हें त्यांत लपविलें नाहीं. आजहि पोटाच्या दुखण्याचा जाणता वैद्य रोग्यास प्रथम असें टिपण ठेवावयास सांगतो: काय खाल्लें, केव्हां खाल्लें, आणि त्यानंतर किती वेळानें काय झालें.

पुढें जोहान्सबर्ग येथें वकिली करीत असतां त्यांस मलावरोध व डोकेदुखी यांचा त्रास होता. मँचेस्टर येथें सकाळची न्याहारी सोडणाऱ्यांची एक मंडळी निघाली आहे, असें त्यांच्या वाचनांत आलें. त्यांनीं न्याहारी सोडली. कांहीं दिवस त्रास झाला, परंतु डोकेदुखी नाहींशी झाली. मलावरोध मात्र गेला नाहीं. यावरून त्यांनीं एवढेंच अनुमान काढलें कीं, आपण गरजेपेक्षां अधिक खात होतों. एक गोष्ट बदलावयाची, बाकीच्या तशाच ठेवावयाच्या, आणि मग दोन तक्रारींपैकीं कोणती गेली व कोणती राहिली तें प्रामाणिकपणें पाहावयाचें, ही रीत शास्त्रीय आहे. दुर्दैवानें पुढील सर्वच प्रयोगांत त्यांनीं ती पाळली असें म्हणतां येत नाहीं. पुष्कळदां त्यांनीं एकाच वेळीं तीन-चार गोष्टी बदलल्या, आणि मग गुण अथवा अवगुण कोणाचा हें कळेनासें झालें.

त्यांच्या मताची खरी कसोटी स्वतःच्या देहावर नव्हे, तर पुत्राच्या देहावर लागली. १९०२ सालीं मुंबईस असतां त्यांचा दुसरा मुलगा मणिलाल, वय सुमारें दहा वर्षें, विषमज्वरानें आजारी पडला. फुप्फुसांसहि सूज होती. पारशी डॉक्टर भले गृहस्थ होते. औषधाचा फारसा उपयोग नाहीं, अंडीं व कोंबडीचा रस्सा देणें अवश्य आहे, असें त्यांनीं सांगितलें. गांधीजींनीं नकार दिला. त्यांनीं पाणी घातलेला संत्र्याचा रस व जलोपचार यांवर भिस्त ठेविली. ताप १०४ अंशांपर्यंत चढला. ओल्या चादरींत मुलास गुंडाळून ते चौपाटीकडे फिरावयास गेले, तेव्हां त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हें पालकांस सांगणें नको. परत आले तों मुलास घाम सुटला होता. ताप उतरूं लागला. मणिलाल बरा झाला. परंतु तो जलोपचारानें, पथ्यानें कीं ईश्वरकृपेनें बरा झाला, याचा निवाडा करण्याचें गांधीजींनीं स्वतःच टाळलें. आमच्या मतें, एक मुलगा वांचला एवढ्यावरून दुसऱ्या कोणीं असें धाडस करूं नये. आजारी मुलाचें अन्न ठरवितांना आईबापांचें मत कितीहि शुद्ध असलें तरी तें मुलाच्या गरजेचें माप नव्हे.

आतां दुधाची गोष्ट. १९१२ सालीं टॉल्स्टॉय फार्मवर, कॅलनबाख या जर्मन स्नेह्यासह, गांधीजींनीं दूध सोडलें. कलकत्त्याकडे गाई-म्हशींपासून शेवटचा थेंब काढण्याकरितां गवळी जी क्रूर रीत वापरीत, तिचें वर्णन त्यांनीं वाचलें होतें. शिवाय दुधानें विकार वाढतात असाहि त्यांचा समज होता. पुढें शेंगदाणे, केळीं, खजूर, लिंबें व ऑलिव्हचें तेल यांवर त्यांचा निर्वाह चाले. १९१४ च्या अखेरीस लंडनमध्यें त्यांना फुप्फुसावरणाचा दाह झाला, तेव्हां डॉ. जीवराज मेहता यांनीं दूध घेण्याचा सल्ला दिला, आणि नामदार गोखल्यांनीं तर प्रेमाचा आग्रह धरला. गोखल्यांस नाहीं म्हणणें गांधीजींना फार जड गेलें. तरी त्यांनीं नाहींच म्हटलें.

१९१८ सालीं हा निश्चय प्राणावर बेतला. खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं ते गांवोगांव पायीं हिंडत होते. शेंगदाण्याचें वाटलेलें लोणी व लिंबू हाच मुख्य आहार होता. आमांश सुरू झाला. एका सणाच्या दिवशीं कांहीं खावयाचें नाहीं असें ठरविलें असतांहि, कस्तुरबांनीं तुपाऐवजीं तेल घालून केलेली गव्हाची गोड लापशी व मुगाची वाटी पाहून त्यांचा संयम सुटला. तासाभरांत पोटांत कळा सुरू झाल्या. त्याच सायंकाळीं ते तसेच नडियादला गेले. तेथें चोवीस तासांत तीस-चाळीस वेळां शौचास जावें लागलें. औषध नाहीं, टोंचणें नाहीं. अहमदाबादेस अंबालाल साराभाई यांनीं त्यांस आपल्या बंगल्यांत ठेवून घेतलें. पण दुखणें हटेना, आणि आश्रमांत परत आल्यावर आपला अंत समीप आला असें समजून त्यांनीं आश्रमवासीयांस निरोपाच्या गोष्टी सांगितल्या. डॉ. तळवलकर यांनीं केळकर नांवाचे एक महाराष्ट्रीय गृहस्थ आणले. यांनीं वैद्यकाचा अभ्यास पुरा केला होता, परंतु पदवी घेतली नव्हती. सर्वांगास बर्फ लावणें हा त्यांचा उपचार. त्यानें थोडी उभारी आली. मग हवापालटासाठीं माथेरान गांठलें, तर तेथील पाणी जड! शौचाच्या वेळीं असह्य वेदना होऊं लागल्या, व आठ दिवसांच्या आंत त्यांस खालीं उतरावें लागलें.

मुंबईस डॉ. दलाल यांनीं त्यांना तपासलें. दुधावांचून हें शरीर पुन्हां उभें राहणार नाहीं, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय पडला. गांधीजींनीं व्रत पुढें केलें. व्रताचें कारण काय, असें विचारतां गाई-म्हशींच्या छळाची हकीकत निघाली. आणि जवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनीं एकदम सुचविलें कीं, मग शेळीच्या दुधास कांहीं प्रत्यवाय नाहीं. १९१९ च्या जानेवारींत त्यांनीं शेळीचें दूध घेतलें. शक्ति आली, डॉक्टरांनीं शस्त्रक्रिया केली, व थोड्याच दिवसांत रौलेट कायद्याविरुद्ध लढा उभारण्यास ते सिद्ध झाले. परंतु आपण व्रताचें अक्षर राखलें आणि आत्मा गमावला, ही रुखरुख त्यांना पुढें कायम लागून राहिली. जगण्याची इच्छा व्रताहून बलवत्तर ठरली, हें त्यांनीं आत्मचरित्रांत उघड कबूल केलें आहे. कस्तुरबांच्या एका वाक्यानें काय काय वांचलें, याचा विचार इतिहासकारांनीं पुरेसा केलेला नाहीं.

या प्रसंगावरून शेळीचें दूध म्हणजे न सोसणाऱ्यांचें औषध, असा समज पुष्कळ घरांत रूढ आहे. तो बरोबर नाहीं. गांधीजींस गाईचें दूध सोसत नव्हतें असें नव्हे. तें त्यांनीं वर्ज्य केलें होतें. दूध न सोसणें याचे दोन निराळे प्रकार आहेत. पहिल्यांत दुधांतील साखर, जिला लॅक्टोज म्हणतात, ती पचविणारा लॅक्टेज नांवाचा पाचकरस लहान आंतड्यांत कमी पडतो. न पचलेली साखर पुढें मोठ्या आंतड्यांत आंबते, आणि पोट फुगणें, गुरगुरणें, जुलाब असा त्रास होतो. जगांतील सुमारें दोन तृतीयांश प्रौढांत हा रस बाळपणानंतर कमी होत जातो; आणि आमांशासारख्या दुखण्यानंतर तो कांहीं काळ कोणाचाहि कमी होतो. शेळीच्या दुधांत ही साखर गाईच्या दुधाइतकीच, फार तर किंचित् कमी असते. अशांस दहीं व ताक बहुधा सोसतें, कारण विरजणांत कांहीं साखरेचें आम्ल होऊन गेलेलें असतें. दुसरा प्रकार दुधांतील प्रथिनांच्या वावड्याचा, म्हणजे ॲलर्जीचा. त्यांत अंगावर गांधी उठणें, ओंठ सुजणें, धाप लागणें अशीं लक्षणें दिसतात, व प्रसंगीं जिवास धोका असतो. गाईच्या दुधाचें ज्यांस वावडें, त्यांतील बहुतेकांस शेळीच्याहि दुधाचें असतें. त्या मुलांवर घरगुती प्रयोग करणें सर्वथा अयोग्य होय.

१९०९ सालच्या आपल्या पुस्तकांत डॉक्टरांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांनीं आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. ती चालू असतांनाच विजेचे दिवे गेले, व कंदिलाच्या उजेडांत ती पुरी करावी लागली. येथें आहाराचा कांहीं उपाय चालणारा नव्हता, आणि गांधीजींनीं तो चालविण्याचा हट्टहि धरला नाहीं.

१९२९ च्या उन्हाळ्यांत साबरमतीस त्यांनीं पुन्हां एकदां कच्च्या अन्नाचा प्रयोग सुरू केला. या वेळीं आश्रमांतील अनेक मंडळी सामील होती. मोड आलेलीं धान्यें, कच्च्या भाज्या, नारळ व मनुका यांवर सर्व राहत. वजनें घेतलीं जात, आणि फल साप्ताहिकांत छापलें जाई. कोणास मानवलें, कोणास मुळींच मानवलें नाहीं. एकच पान, एकच पंगत, आणि पोटें निरनिराळीं! ऑगस्टमध्यें स्वतः गांधीजींस आमांश झाला व ते शेळीच्या दुधाकडे परतले.

१९३४ च्या डिसेंबरांत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, व वर्ध्याची मगनवाडी हें त्याचें केंद्र झालें. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. हातसडीचे तांदूळ, जात्यावरचें पीठ, गूळ व घाणीचें तेल यांचा पुरस्कार तेथूनच झाला. गरिबास परवडेल असें पोषक अन्न कोणतें, हा आतां मुख्य प्रश्न होता. कच्चा पाला, चिंच, लसूण, कडुनिंबाचीं पानें यांची परीक्षा पंगतींतच होई. १९३५ सालीं तेथें सोयाबीनचाहि प्रयोग झाला. तें बीं त्या काळीं या प्रांतांत जवळजवळ अनोळखी होतें. आज यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीच्या जोडीनें शेतेंच्या शेतें सोयाबीननें भरलेलीं दिसतात, जरी त्यांतील फारच थोडें शेतकऱ्याच्या स्वतःच्या ताटांत येतें. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगांवास राहावयास गेले. त्यासच १९४० पासून सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथें भणसाळी हे साधक कच्चें पीठ पाण्यांत कालवून व कडुनिंबाचा पाला खाऊन राहत. त्यांस तें सोसलें. इतर कोणास सोसलें असतें असें वाटत नाहीं.

सेवाग्रामच्या स्वयंपाकघराची खरी उणीव हीच होती कीं, तेथें खाणारास आपण काय खात आहों हें ठाऊक असे, व गुरूचा त्याविषयींचा अभिप्रायहि ठाऊक असे. आजच्या वैद्यकांत अन्न न सोसण्याची सर्वांत भरंवशाची परीक्षा म्हणजे संशयित पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद ठेवणें, आणि मग तो पुन्हां देऊन पाहणें. त्यांतहि देणारा व घेणारा या दोघांसहि तो पदार्थ केव्हां दिला हें ठाऊक नसेल, तर निकाल अधिक पक्का. लॅक्टोजची परीक्षा श्वासांवरून होते: उपाशी पोटीं मोजकी साखर पाजून श्वासांतील हायड्रोजन वायु किती वाढला तें पाहतात. वावड्यासाठीं त्वचेवर सूक्ष्म टोंचा देऊन, अथवा रक्तांत आयजीई नांवाचीं प्रतिद्रव्यें मोजून पाहतात. पण बाजारांतील पुष्कळ याद्या आयजीजी या दुसऱ्या प्रतिद्रव्यावरून काढलेल्या असतात. तीं द्रव्यें आपण तो पदार्थ नेहमीं खातों एवढेंच दर्शवितात. तो बाधतो असें नव्हे. युरोप व अमेरिका येथील वावडेतज्ज्ञांच्या मंडळींनीं २००८ व २०१० सालीं या परीक्षेवर विसंबूं नये असें स्पष्ट सांगितलें आहे. अशी यादी हातीं धरून वाढत्या मुलाचें दूध, डाळ, गहूं, शेंगदाणे सारेंच बंद करणारा पालक त्याची भूक मारतो.

गव्हाविषयीं एक सूचना येथेंच दिली पाहिजे. गहूं व जव यांतील ग्लुटेन नांवाच्या प्रथिनानें कांहीं जणांच्या आंतड्याचें अस्तर झिजतें. या रोगास सीलिॲक म्हणतात. डिके नांवाच्या डच बालवैद्यानें १९५० सालीं आपल्या प्रबंधांत गव्हाचा हा दोष सप्रमाण दाखविला. रक्ततपासणीनें हा रोग ओळखतां येतो, परंतु तपासणीपूर्वीं रोग्यानें गहूं खाणें चालू ठेविलें पाहिजे. आधींच पोळी सोडली तर रक्त खोटी ग्वाही देतें. ज्वारींत ग्लुटेन नाहीं. आपल्याकडील भाकरी अशा रोग्यास आयतें पथ्य आहे.

१९४२ सालीं पुण्यास आगाखान महालांत स्थानबद्ध असतां गांधीजींनीं आरोग्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत, मांस न खाणाऱ्यास दुधावांचून चालविणें कठीण आहे, असें त्यांनीं मान्य केलें, आणि दुधाची जागा घेईल असा वनस्पतिज पदार्थ शोधून काढण्याची आशा व्यक्त केली. तीस वर्षांपूर्वींचें मत अनुभवानें बदललें, तें त्यांनीं छापून टाकलें. त्याच महालांत फेब्रुवारी १९४४ मध्यें कस्तुरबा निवर्तल्या.

मे महिन्यांत हिंवतापानें खंगलेले गांधीजी सुटले व जुहूस राहिले. तेथें त्यांच्या शौचाची सूक्ष्मदर्शकाखालीं तपासणी झाली, आणि आंतड्यांत अंकुशकृमि व अमीबा नांवाचे आमांशाचे जंतु आढळले; अंगांतील रक्तहि फार कमी झालें होतें. पोट बिघडलें कीं त्याचा दोष महात्माजी आपल्या जिभेस देत आले होते. १९१८ ची ती लापशीची वाटी त्यांनीं जन्मभर स्वतःचा अपराध मानली. तेव्हां त्यांच्या पोटांत कोणते जंतु होते हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. परंतु रक्तीआंव किंवा आमांश हा बहुधा दूषित पाणी व अस्वच्छ हात यांतून येतो, शेंगदाण्यांतून वा लापशींतून नव्हे, एवढें आज निश्चित आहे. अन्न सोसत नाहीं असें म्हणण्यापूर्वीं पाणी तपासावें, शौच तपासावें, हें आपल्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांस विशेष लागू आहे. सेवाग्रामलाच १९६९ सालीं निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या कस्तुरबा रुग्णालयांत नदीच्या या तीरावरूनहि रोगी जातात.

१९४६ सालीं पुण्याजवळ उरुळीकांचन येथें त्यांनीं खेडुतांसाठीं निसर्गोपचाराचें केंद्र सुरू केलें. पुढें नोआखालीच्या दंगलींनीं त्यांस दूर ओढून नेलें. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस बिर्ला भवनांत सायंप्रार्थनेपूर्वीं त्यांनीं शेवटचें भोजन घेतलें. त्यांत कांहीं कच्च्या व शिजविलेल्या भाज्या, संत्रीं, आलें, लिंबू, तूप व कोरफडीचा रस यांचें मिश्रण, आणि शेळीचें दूध एवढे पदार्थ होते.